गीताचा मुखडा, चित्रपटाचे शीर्षक

जुन्या गीताचा मुखडा उचलून तो नव्या चित्रपटाला शीर्षक म्हणून देण्याची प्रथा हिंदी चित्रपटसृष्टीत चांगलीच रुळली आहे. 'मुगल-ए-आझम'साठी (१९६०) शकील बदायुनी यांनी लिहिलेले 'प्यार किया तो डरना क्या' हे शब्द १९९८ मध्ये चित्रपटाचे नाव झाले. मजरूह सुलतानपुरी यांचे 'बचना ऐ हसीनों' (हम किसीसे कम नहीं, १९७७) २००८ मध्ये, तर 'सीआयडी'तील (१९५६) 'ऐ दिल है मुश्किल' २०१६ मध्ये पुन्हा फलकांवर झळकले. आनंद बक्षी यांच्या 'दम मारो दम'वरून (हरे रामा हरे कृष्णा, १९७१) २०११ मध्ये गोव्याच्या पार्श्वभूमीवरील थरारपट आला. जावेद अख्तर यांचे 'एक लडकी को देखा तो ऐसा लगा' (१९४२ अ लव्ह स्टोरी, १९९४) २०१९ मध्ये शीर्षक झाले.

यामागील व्यावसायिक हिशेब सरळ आहे. नवे नाव लोकांच्या मनात रुजविण्यासाठी जाहिरातीवर मोठा खर्च करावा लागतो. गाजलेला मुखडा मात्र प्रेक्षकांना आधीच पाठ असतो. प्रश्न उरतो तो या लोकप्रियतेच्या मूळ मानकऱ्याचा, म्हणजेच गीतकाराचा.

शीर्षकावर हक्क कोणाचा?

स्वामित्व हक्क कायदा, १९५७ संपूर्ण गीताला साहित्यकृती म्हणून संरक्षण देतो. केवळ शीर्षकाला मात्र हे संरक्षण मिळत नाही. 'देसी बॉईज' (२०११) या चित्रपटाच्या नावावरून उद्भवलेल्या वादात सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१५ मध्ये हे स्पष्ट केले. शीर्षक ही स्वतंत्र कृती नसून ते पुढे येणाऱ्या कृतीचा केवळ निर्देश करते, अशी न्यायालयाची भूमिका होती. त्यामुळे चार-पाच शब्दांचा मुखडा नाव म्हणून वापरताना गीतकाराची परवानगी घेण्याचे वा त्याला मोबदला देण्याचे बंधन निर्मात्यावर सहसा येत नाही.

एखादे नाव विशिष्ट कृतीशी लोकांच्या मनात घट्ट जोडले गेले असेल, तर दिशाभूल होते या मुद्द्यावर दाद मागता येते. परंतु तसे सिद्ध करणे कठीण असते. 'निःशब्द' या नावावरून २००७ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात गेलेल्या बंगाली चित्रपटाच्या निर्मात्यांना रामगोपाल वर्मा यांच्या त्याच नावाच्या हिंदी चित्रपटाविरुद्ध मनाई मिळविता आली नाही. निर्मात्यांच्या संघटना शीर्षकांची नोंदणी करतात खरी. पण ती सभासदांमधील आपसातील व्यवस्था आहे. तीत गीतकाराला स्थान नाही.

गाणे वापरले तर?

नावासोबत गाणेही घेतले, की चित्र बदलते. 'दम मारो दम' आणि 'बचना ऐ हसीनों' या दोन्ही चित्रपटांत मूळ गाण्यांच्या नव्या आवृत्त्या होत्या. अशा वेळी शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क ज्याच्याकडे असतील त्याची परवानगी अनिवार्य ठरते. हा हक्कदार बहुधा गीतकार नसतो, तर संगीत कंपनी असते. निर्मात्याने मोबदला देऊन चित्रपटासाठी लिहून घेतलेल्या गीताचा पहिला मालक, वेगळा करार नसल्यास, निर्माताच असतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये दिला होता. २०१२ च्या कायदादुरुस्तीने यात गीतकार आणि संगीतकारांना दिलासा दिला. चित्रपटगृहाबाहेर, म्हणजे रेडिओ, दूरचित्रवाणी, इंटरनेट आदी माध्यमांत गीताचा वापर झाल्यास मिळणाऱ्या मानधनातील वाटा त्यांना आता करार करूनही निर्मात्याला देऊन टाकता येत नाही. या दुरुस्तीसाठी जावेद अख्तर यांनी राज्यसभेत आग्रहाने बाजू मांडली होती.

मुखडा केवळ शीर्षकापुरता वापरला गेला, तर मात्र ही दुरुस्तीही उपयोगी पडत नाही. तेथे उरतो तो सौजन्याचा मार्ग, आणि त्याचा एक दाखला उपलब्ध आहे. 'दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे' (१९९५) हे नाव 'चोर मचाये शोर'मधील (१९७४) गाण्यावरून घेतलेले आहे. ते सुचविल्याबद्दल अभिनेत्री किरण खेर यांचा उल्लेख चित्रपटाच्या श्रेयनामावलीत आवर्जून केलेला आढळतो. नाव सुचविणाऱ्याला जो मान मिळतो, तो ते शब्द लिहिणाऱ्यालाही देण्यास एका ओळीपेक्षा अधिक जागा लागत नाही आणि त्यासाठी कायद्याची वाट पाहण्याचेही कारण नाही.