अणूचे नोंदलेले गुण आणि आज्ञेने होणारा त्यांचा पालट

प्रथिनाच्या रेणूची जी आकृती संगणकाच्या पडद्यावर फिरताना दिसते, ती रेणूचे प्रत्यक्ष दर्शन नव्हे; एका कोष्टकावरून काढलेले ते चित्र होय. या कोष्टकात प्रत्येक अणूसाठी एक ओळ असते. अणूचे नाव, त्याचे मूलद्रव्य, ज्या अमिनो आम्लाचा तो घटक आहे त्याचे नाव व क्रमांक, साखळीचे अक्षर, अवकाशातील तीन सहनिर्देशक आणि आणखी काही मापे त्या ओळीत नोंदलेली असतात. रेणुप्रतिमा काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आज्ञा देऊन अणूंचे गुण बदलता येतात असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा बदल होतो तो या नोंदीत; अणूत नव्हे. ही गोष्ट इतकी उघड आहे की ती सांगण्याची आवश्यकताही भासू नये. परंतु व्यवहारात तिचा विसर पडला म्हणजे बिनचूक आज्ञेतूनही विपरीत निष्कर्ष कसा निघतो, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम कोष्टकाची घडण पाहणे इष्ट ठरेल. प्रोटीन डेटा बँक ही संस्था १९७१ साली अमेरिकेतील ब्रुकहेवन नॅशनल लॅबोरेटरीत सुरू झाली. तिच्या जुन्या पद्धतीच्या फाइलमधील प्रत्येक ओळ ८० अक्षरांची असे. छिद्रित कार्डांच्या काळातून आलेली ही मर्यादा होय. ओळीतील ३१ ते ५४ ही स्थाने तीन सहनिर्देशकांसाठी आहेत. ५५ ते ६० या स्थानांत ऑक्युपन्सी, म्हणजे त्या जागी अणू किती अंशाने आढळतो त्याचे मान, लिहिले जाते. आणि ६१ ते ६६ या सहा स्थानांत अणूचा तापगुणक, ज्यास प्रयोगशाळांतून बी-फॅक्टर या नावाने ओळखतात, तो दोन दशांश स्थळांपर्यंत नोंदला जातो. पुढील विवेचनात या शेवटच्या रकान्यास विशेष महत्त्व आहे.

या कोष्टकावर आज्ञा कशी चालते हे पायमॉल या सॉफ्टवेअरच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. वॉरन डिलॅनो यांनी रचलेले हे सॉफ्टवेअर २००० साली प्रथम प्रसृत झाले. त्यातील आज्ञा रोमन लिपीत टंकित करावयाच्या असतात. येथे त्या उच्चारानुसार दिल्या आहेत. अणूंच्या गुणांशी संबंध येतो तो मुख्यतः तीन आज्ञांचा. ‘इटरेट’ ही आज्ञा निवडलेल्या प्रत्येक अणूपाशी जाऊन त्याची नोंद केवळ वाचते. ‘ऑल्टर’ ही आज्ञा तीच फेरी करते, परंतु नोंद बदलते. ‘ऑल्टर-स्टेट’ ही तिसरी आज्ञा सहनिर्देशकांसाठी राखलेली आहे. हा भेद सकारण आहे. एकाच रेणूच्या अनेक अवस्था एकत्र ठेवल्या असता, उदाहरणार्थ चुंबकीय अनुस्पंदनाने मिळालेल्या वीस प्रतिमा, अणूचे स्थान प्रत्येक अवस्थेत निराळे असते. त्याचे नाव, साखळी व बी-फॅक्टर मात्र सर्व अवस्थांत मिळून एकदाच नोंदलेले असतात.

ऑल्टर आज्ञेची दोन अंगे असतात: स्वल्पविरामापूर्वी अणूंची निवड आणि स्वल्पविरामानंतर करावयाचा बदल. ‘ऑल्टर ऑल, बी = ०’ या आज्ञेने सर्व अणूंचा बी-फॅक्टर शून्य होतो. ‘ऑल्टर चेन ए, चेन = बी’ असे लिहून ए साखळीस बी हे अक्षर द्यावयाचे झाल्यास शेवटचे अक्षर अवतरणचिन्हांत घालावे लागते; कारण ते संख्या नसून अक्षरचिन्ह आहे. अमिनो आम्लाचा क्रमांकदेखील संख्या म्हणून नव्हे, तर अक्षरचिन्ह म्हणून साठविला जातो, याचे नवख्या अभ्यासकास आश्चर्य वाटते. परंतु प्रतिपिंडांच्या प्रचलित क्रमांकनात ५२ नंतर ‘५२ ए’ असेही स्थान येते, हे ध्यानात घेतले म्हणजे या योजनेचा उलगडा होतो. साखळी वा क्रमांक बदलल्यावर ‘सॉर्ट’ ही आज्ञा देऊन अणूंचा अनुक्रम पुन्हा लावून घ्यावा लागतो. तसेच व्हॅन डर वाल्स त्रिज्या बदलल्यावर ‘रीबिल्ड’ म्हटल्याखेरीज पडद्यावरील गोलांचा आकार नव्या मानाप्रमाणे होत नाही. नोंद आणि चित्र या दोन भिन्न वस्तू आहेत याचा हा पहिला पुरावा होय.

निवडीच्या अंगात एक सुप्रसिद्ध सापळा आहे. प्रथिनाच्या कण्यातील आल्फा-कार्बनचे नाव ‘सीए’ असे लिहितात. कॅल्शियमच्या आयनाचे नावही ‘सीए’च. जुन्या फाइलमध्ये ही दोन नावे ओळीतील एका स्थानाच्या फरकाने ओळखू येतात. पायमॉलमधील नावावरून केलेल्या निवडीत मात्र हा फरक उरत नाही. कॅल्मोड्युलिन हे प्रथिन चार कॅल्शियम आयन धारण करते. त्यातील आल्फा-कार्बनांवर काही मूल्य लिहावे म्हणून केवळ नावाने निवड केली, तर ते चार आयनही निमूटपणे त्यात येतात. निवडीत ‘मूलद्रव्य कार्बन’ ही अट जोडल्यास दोष टळतो. दोष लक्षात येण्याचा उपाय तर त्याहून सोपा आहे: बदलण्यापूर्वी निवडलेल्या अणूंची गणना करावी आणि ती अमिनो आम्लांच्या संख्येशी ताडून पाहावी.

येथपर्यंतच्या चुका आकड्यांत वा चित्रात दिसून येतात. बी-फॅक्टरच्या रकान्यात घडणारी चूक तशी दिसत नाही. क्ष-किरण विवर्तनाने ठरविलेल्या संरचनेत हा गुणक अणूच्या सरासरी स्थानापासून होणाऱ्या विचलनाचे माप असतो. एका दिशेतील विचलनाच्या वर्गाची सरासरी घेऊन तिला पायच्या वर्गाने आणि ८ ने गुणिले असता तो मिळतो. गुणक २० वर्ग आंगस्ट्रॉम असेल तर विचलन सुमारे ०.५ आंगस्ट्रॉम, आणि ८० असेल तर सुमारे १ आंगस्ट्रॉम येते. यास्तव अधिक मान म्हणजे अधिक अस्थिर किंवा अधिक अनिश्चित स्थान, असा त्याचा अर्थ होय.

हा रकाना अभ्यासकांनी फार पूर्वीपासून वाहक म्हणून वापरला आहे. अमिनो आम्लांचे उत्क्रांतीतील स्थैर्य, दोन संरचनांतील अंतर किंवा विद्युत्प्रभार यांची मूल्ये ऑल्टर आज्ञेने तेथे लिहावयाची आणि ‘स्पेक्ट्रम’ आज्ञेने त्यांप्रमाणे रेणू रंगवावयाचा, ही पद्धत सोयीची आहे व तिच्यात गैर काही नाही. मात्र फाइल जतन केली म्हणजे त्या रकान्यात कोणत्या राशीचे मान आहे याची खूण उरत नाही. शिवाय दोनच दशांश स्थळे असल्याने ०.००३ हे मान जुन्या पद्धतीच्या फाइलमध्ये ०.०० होऊन बसते.

२०२१ साली आल्फाफोल्डने भाकीत केलेल्या संरचनांचा संग्रह खुला झाल्यापासून हा प्रश्न अधिक व्यापक झाला आहे. या संरचनांत बी-फॅक्टरच्या रकान्यात पीएलडीडीटी हा विश्वासांक लिहिलेला असतो. तो ० ते १०० असतो. ९० च्या वर अतिशय विश्वसनीय आणि ५० च्या खाली अतिशय अविश्वसनीय असे मानतात. म्हणजे रकाना तोच. अर्थाची दिशा मात्र नेमकी उलट. स्पेक्ट्रम आज्ञेच्या नेहमीच्या रंगक्रमात लहान मानास निळा व मोठ्या मानास तांबडा रंग मिळतो. त्यामुळे भाकितातील सर्वांत भक्कम गाभा तांबडा होतो आणि स्फटिकसंरचना पाहण्यास सरावलेला वाचक त्यासच सर्वांत चंचल समजतो. उलट, आल्फाफोल्डच्या स्वतःच्या रंगयोजनेत गडद निळा हा सर्वाधिक विश्वासाचा रंग आहे. दोन्ही प्रकारच्या संरचना एका पडद्यावर शेजारी ठेवून एकाच आज्ञेने रंगविणे म्हणजे दोन विरुद्ध मापांची तुलना करणे होय.

जेथे विश्वासांकाचे गुणकात रूपांतर आवश्यकच असते, जसे भाकीत संरचनेच्या साह्याने विवर्तनाच्या कला शोधताना, तेथे त्यासाठी एक सूत्र प्रचारात आहे. त्यानुसार ०.७० या विश्वासांकास १.५ आंगस्ट्रॉम इतकी त्रुटी गृहीत धरून सुमारे ५९ हा गुणक येतो, ०.९० ला सुमारे १२, तर ०.५० ला जवळजवळ २९३. अंक वाढतो तसा गुणक घटतो, हे येथे स्पष्ट दिसते. तथापि हा गुणक अंदाजित त्रुटीवरून आलेला आहे, मोजलेल्या कंपनावरून नव्हे, हेही विसरता कामा नये.

या विवेचनावरून अभ्यासकाने पाळावयाची शिस्त ठरविता येते. ऑल्टर देण्यापूर्वी त्याच निवडीवर इटरेट चालवून मूळ माने पाहावीत. मूळ रेणूची प्रत वेगळी ठेवून बदल प्रतीवर करावा. आज्ञा केवळ पडद्यावर न देता क्रमाने एका फाइलमध्ये लिहून ती चित्रासोबत जपावी. कारण चित्र कसे सिद्ध झाले याचे उत्तर तीच देऊ शकते. आणि प्रबंधातील आकृतीखाली रंग कोणत्या राशीचा आहे, तिची लहानमोठी मर्यादा कोणती आणि मोठे मान चांगले की वाईट, हे तीन मुद्दे अवश्य नमूद करावेत. संगणक रकान्यातील संख्या तेवढी जाणतो. त्या संख्येचा अर्थ काय, हे सांगण्याची जबाबदारी ती लिहिणाऱ्याकडेच राहते.