विजेची वस्तू पारखून घरात आणा

चौदा एप्रिल असो, वैशाख पौर्णिमा असो की वस्तीतले एखादे लग्न. विहारावर दिव्यांच्या माळा चढतात, माईक लागतो, रात्रभर भीमगीते चालतात. माळ विकत घेताना मात्र आपण एकच प्रश्न विचारतो, "केवढ्याला दिली?" आपल्या माता-भगिनी साधे मडके घेतानाही टिचकी मारून पाहतात. मग चार्जर, इस्त्री आणि पाणी तापवायचा रॉड डोळे मिटून का घ्यावा? कुणी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः पारखा, हेच तथागतांनी केसपुत्तच्या कालामांना शिकवले. ती दृष्टी बाजारातही हवी.

तपासणी कशाची होते?

पहिली तपासणी सुरक्षिततेची. मोबाईलच्या चार्जरमध्ये एका बाजूला भिंतीतली २३० व्होल्टची वीज असते, तर दुसऱ्या बाजूला साधारण ५ व्होल्टची. दोहोंमधले अंतर आणि वेष्टण हेच आपल्या लेकराचे संरक्षण! हलक्या मालात नेमकी तिथेच काटकसर होते, कारण ती बाहेरून दिसत नाही. प्रयोगशाळेत या दोन बाजूंमध्ये हजारो व्होल्टचा दाब देऊन वेष्टण टिकते काय ते पाहतात. माणसाच्या बोटासारखे सांधे असलेले नकली बोट प्रत्येक फटीत घालून ते आतल्या विजेच्या भागाला लागते का, हे तपासतात. तापून लाल झालेली तार प्लॅस्टिकला टेकवतात. प्लॅस्टिकने पेट घेतला तर ते किती वेळात विझते, याची नोंद होते.

दुसरी तपासणी ईएमसीची, म्हणजे विद्युतचुंबकीय सुसंगततेची. नाव अवघड, पण अनुभव रोजचा. विहारात माईक चालू असताना कुणाचा मोबाईल अॅम्प्लिफायरजवळ आला की "टर्र टर्र" आवाज येतो. टूजी फोन सेकंदाला सुमारे २१७ वेळा तुटक तुटक लहरी सोडतो. त्या अॅम्प्लिफायरच्या तारांत शिरतात आणि कर्ण्यातून ऐकू येतात. हलक्या एलईडी दिव्याजवळ रेडिओ खरखरतो, तेही याच कारणाने. रेडिओतल्या अशा अडथळ्यांवर विचार करण्यासाठी १९३४ साली आंतरराष्ट्रीय समितीच स्थापन झाली. आज प्रश्न केवळ खरखरीचा नाही. दवाखान्यातल्या रुग्णाच्या उशाशी असलेल्या यंत्राने भलताच आकडा दाखवला तर?

म्हणून एका यंत्राने दुसऱ्याला त्रास देऊ नये आणि दुसऱ्याच्या त्रासाने स्वतः बिघडू नये, अशी दुहेरी कसोटी असते. भिंतींना स्पंजासारखे टोकदार सुळके लावलेल्या बंद खोलीत यंत्र फिरत्या मेजावर ठेवतात. ३ किंवा १० मीटरवर अँटेना उभारून त्यातून निघणाऱ्या लहरी मोजतात. मग उलट त्या यंत्रावरच लहरींचा मारा करतात, स्थिर विजेची ठिणगी देतात. पवईच्या आयआयटी आवारात मुख्यालय असलेली 'समीर' ही केंद्र सरकारची संस्था अशा तपासण्या करते.

कायदा काय सांगतो?

इस्त्री, पाण्याचा रॉड, वायर यांवर आयएसआयची खूण पाहावी. इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी सरकारने २०१२ साली सक्तीच्या नोंदणीचा आदेश काढला. सुरुवातीला यादीत १५ वस्तू होत्या. पुढे ती वाढत गेली आणि एलईडीच्या माळाही तीत आल्या. अशा वस्तूवर भारतीय मानक ब्युरोची खूण, मानकाचा क्रमांक आणि 'आर' अक्षरानंतर आठ आकडी नोंदणी क्रमांक असतो. ही नोंदणी मुख्यतः सुरक्षिततेची आहे. दूरसंचार उपकरणांच्या सक्तीच्या तपासणीत ईएमसीही येते. ती २०१९ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली. 'सीई' ही अक्षरे युरोपच्या बाजारासाठी आहेत; तेवढ्यावर भुलू नये.

छापलेली खूणही खोटी असू शकते. म्हणून ब्युरोच्या 'बीआयएस केअर' या मोबाईल अॅपवर तो क्रमांक टाकून पाहावा. घरातल्या शिकत्या मुला-मुलींना हे काम सांगा. पक्की पावती मागा. फसवणूक झाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

बाबासाहेबांची वीज

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. विजेचा विषयही त्यांच्याकडे होता. देशाला दारिद्र्यातून बाहेर काढायचे तर उद्योग हवेत आणि उद्योगांसाठी स्वस्त व मुबलक वीज हवी, अशी मांडणी त्यांनी १९४३ साली केली. ती वीज आज आपल्या वस्तीत आली आहे. पण श्रीमंताच्या घरी तपासलेली वस्तू आणि गरिबाच्या घरी बिनखुणेची, ही विषमता कायम आहे. खूण नसलेला माल दहा-वीस रुपयांनी स्वस्त पडतो. झोपडीला झोपडी लागून असते तिथे मात्र एका घरची ठिणगी सगळ्या गल्लीचा संसार जाळू शकते.

आयटीआय आणि डिप्लोमा करणाऱ्या आपल्या मुला-मुलींनी या क्षेत्राकडे वळावे, असे आम्हांला मनापासून वाटते. वस्तू बनवणारे हात आपल्या समाजात पुष्कळ आहेत. ती पास की नापास हे ठरवणाऱ्या खुर्चीवरही आपली लेकरे बसली पाहिजेत. आणि मंडळांच्या कार्यकर्त्यांनो, यंदा जयंतीच्या वर्गणीतून माळा आणाल तेव्हा दुकानदाराला भाव विचारण्याआधी खूण दाखवायला सांगा. जयभीम!