बत्तीस जीबीतलं दशक

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज टेनच्या सुरक्षा सुधारणा थांबल्या. आमच्या चिरनेर गावात त्या दिवशी लोकांना भातकापणीची काळजी होती, आणि तीच रास्त होती. माझ्या लॅपटॉपला तर काही फरकच पडला नाही, कारण नव्या सुधारणा घेणं त्याने केव्हाच सोडलं होतं. पोटात जागाच नव्हती. आणखी वर्षभर, म्हणजे ऑक्टोबर २०२६पर्यंत, सुधारणा मिळण्याची सोय आहे म्हणतात. पण तिला २२एच२ ही शेवटची आवृत्ती लागते आणि हा गडी तिच्यापर्यंत पोचलाच नाही. विंडोज इलेव्हनला किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण लागते. याच्याकडे दोन्ही बरोबर निम्मं. चालू होतो, टाइप करू देतो, प्रिंटही काढतो, तरी कागदोपत्री बाद. कागदावर एक आणि जागेवर भलतंच, याची आम्हा चिरनेरकरांना सवय आहे, त्याबद्दल पुढे.

माझ्या लॅपटॉपच्या आधीचा स्वस्त लॅपटॉपचा इतिहास कंटाळवाणा आहे, भरभर उरकतो. २००७मध्ये असूसचा सात इंची ई पीसी आला आणि नेटबुकांची लाट आली. २००९मध्ये तिरुपतीला दहा डॉलरच्या, म्हणजे साधारण पाचशे रुपयांच्या, सरकारी लॅपटॉपचा गाजावाजा झाला. निघाली साठवणीची एक डबी, तिला ना पडदा ना कळफलक. ऑक्टोबर २०११मध्ये कपिल सिब्बल यांनी ‘आकाश’ टॅब्लेट आणला: २५६ एमबी रॅम, आणि दाबून दाबून बोट दुखेल असा पडदा. भाषणं झाली, फोटो निघाले, विषय संपला. यातली लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट एकच. त्या २००७च्या ई पीसीच्या ४ जीबीवाल्या मॉडेलची रॅम तळाचं झाकण उघडून बदलता येत असे.

माझं दशक २०१६पासून सुरू होतं. त्या वर्षी आरडीपीचा थिनबुक आणि आयबॉलचा कॉम्पबुक ९,९९९ रुपयांत आले. मायक्रोमॅक्सचा लॅपबुकही त्याच पट्ट्यातला. सप्टेंबरात जिओ सुरू झालं. दहा हजारांत लॅपटॉप आणि फुकटात इंटरनेट म्हटल्यावर पोरांनी बापामागे लकडा लावला नसता तरच नवल. मीही त्या दिवाळीत, नोटा रद्द व्हायच्या तोंडावर, पनवेलहून एक उचलला. कुठल्या कंपनीचा ते सांगत नाही, आतला माल सगळ्यांचा सारखाच होता. इंटेलचा ॲटम, २ जीबी रॅम, ३२ जीबीचं ईएमएमसी. पंखा नाही म्हणून आवाज नाही, हे दुकानदाराने गुण म्हणून सांगितलं. रॅम आणि साठवण दोन्ही बोर्डावर डाख देऊन चिकटवलेली आहेत आणि त्यात पुढे काडीचीही भर घालता येणार नाही, हे मात्र त्याने गिळलं.

त्याआधी घरात असेंबल केलेला डेस्कटॉप होता. बोनस आला की रॅमची पट्टी, पुढच्या वर्षी हार्ड डिस्क, मग डीव्हीडी रायटर. गावातलं घर पैसा येईल तसं पडवी, मागचं दार, माडी करत वाढतं, तसा तो वाढला. स्वस्त लॅपटॉपने ही मुभाच काढून घेतली. स्लॉट न दिल्याने कंपनीचे काही रुपये वाचतात आणि यंत्र पातळ होतं, हे मान्य. दहा हजारांत कुणी किती देणार, हेही मान्य. पण ज्याच्याकडे आज पैसे कमी आहेत त्याच्याकडे उद्याही येणार नाहीत असं धरून यंत्र बांधायचं, याचा राग माझा अजून गेलेला नाही. पस्तीस-चाळीस हजारवाल्याला तेव्हा रॅमची रिकामी खाच मिळत होती, आणि गरज मात्र आम्हाला होती.

३२ जीबी म्हणजे हाती येतात २९च्या आसपास. त्यात अर्ध्याहून अधिक जागा विंडोजच अडवून बसलेलं. वर्षातून दोनदा मोठं अपडेट यायचं आणि घरात तयारी सुरू व्हायची. सी ड्राइव्हची पट्टी लाल झालेली. तात्पुरत्या फायली पुसायच्या, जुन्या विंडोजचं फोल्डर उडवायचं, फोटो मेमरी कार्डावर हलवायचे, आणि तरीही पुरलं नाही की पेनड्राइव्ह खोचून त्याची जागा उसनी द्यायची. रात्री लावून झोपायचं. पावसाळ्यात मध्येच लाइट जायची, आणि सकाळी पडद्यावर दिसायचं की केलेले बदल मागे घेतले जात आहेत, बंद करू नका. त्या मागे घेण्यालाही दुपार व्हायची. २०१९च्या आवृत्तीपासून नव्या यंत्रांसाठी ३२ जीबी हीच किमान मर्यादा ठरली आणि सुमारे ७ जीबी जागा अपडेटसाठी राखीव ठेवायची पद्धत आली. म्हणजे बत्तीसला भागत नाही हे खुद्द बनवणाऱ्यांनाही उमगलं होतं. फक्त आमच्यासारख्यांनी आधी खरेदी करून ठेवली होती.

मग कळफलकावरची ‘डी’ची कळ गेली. इंग्रजीत लिहिणाऱ्याचं एक अक्षर जातं. मराठीच्या इनस्क्रिप्ट मांडणीत त्या कळीवर हलंत असतो आणि शिफ्टसह ‘अ’. मी दर सप्टेंबरात जंगल सत्याग्रहावर लिहितो. २५ सप्टेंबर १९३०ला चिरनेरच्या अक्कादेवीच्या माळावर झालेल्या गोळीबारात आठ हुतात्मे पडले, त्यांत नाग्या महादू कातकरी. आता ‘नाग्या’ लिहायला हलंत हवा, ‘सत्याग्रह’ला हवा, ‘हुतात्मा’ला हवा. चिरनेर या नावात जोडाक्षर नाही, तेवढीच सोय. बरंच डोकं खाजवल्यावर वाट सापडली: शिफ्टसह तीनची कळ दाबली की रकाराचा पाय मिळतो, म्हणजे हलंत आणि र; लगेच बॅकस्पेस मारला की र जातो आणि हलंत उरतो. ‘अ’ मात्र कुठून तरी उचलून चिकटवावा लागे. बाहेरचा कळफलक का नाही लावला, असं विचाराल. यूएसबीची भोकं दोनच. एकात माउस, कारण बॅटरी फुगून टचपॅड वर आलेलं. दुसऱ्यात पेनड्राइव्ह, कारण आत जागा नाही. हब लावून पाहिला, तर त्याला वीज पुरेना. फुगलेली बॅटरी पुढे काढूनच टाकली, तेव्हापासून हा भिंतीला बांधलेला आहे.

२०२०बद्दल फार लिहीत नाही, सगळ्यांचं सारखंच गेलं. या लॅपटॉपवर शिक्षकाचा चेहरा आणि आवाज एका वेळी येत नसत, त्यामुळे पोरं मोबाइलकडे वळली ती वळलीच.

खरी हजेरी त्याने २०२४मध्ये लावली. उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतल्या १२४ गावांचं, सुमारे ३२३ चौरस किलोमीटरचं ‘कर्नाळा-साई-चिरनेर’ नवनगर उभं करायचं ठरलं आणि ऑक्टोबरात एमएमआरडीएला त्याचं प्राधिकरण नेमलं गेलं. तिसरी मुंबई म्हणतात ती हीच. शेत जागेवर आणि शहर कागदावर. त्याआधी हरकती मागवल्या होत्या, तेव्हा गावात ज्याच्याकडे मराठी टाइप होईल असं काही होतं त्याच्या ओटीवर माणसं बसून राहिली. व्हॉट्सॲपवरून फिरत आलेली अधिसूचनेची पीडीएफ उघडायची तर बाकी सगळं बंद करावं लागे. पान सरकवलं की पडदा पांढरा, आणि म्हातारी माणसं विचारत, ‘बंद पडला का रे?’ पडला नव्हता, विचार करत होता. ‘हरकत’ या शब्दाला हलंत लागत नाही आणि ‘अ’ही लागत नाही, याचं त्या दिवसांत मला फार बरं वाटे.

पोरं सांगतात, लिनक्स टाका. टाकेनही. फक्त या ॲटमवाल्या बऱ्याच यंत्रांत एक खोडी आहे: चिप ६४ बिटी आणि फर्मवेअर ३२ बिटी, त्यामुळे लिनक्सचा नेहमीचा पेनड्राइव्ह ती ओळखतच नाहीत. उपाय आहेत, पण ते करणारा कारागीर आता पनवेलला शोधावा लागतो. दहा हजारांतले लॅपटॉप गेले तसे दुरुस्तीवालेही मोबाइलच्या काचा बदलायला लागले.

मध्यंतरी दुकानात गेलो होतो. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांनी मेमरीचा माल उचलल्यामुळे २०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढलेत, त्यामुळे आता स्वस्तातलं म्हणून जे दाखवतात ते माझ्या जुन्याच्या तिपटीच्या पुढे. पोरगा गोड होता. ८ जीबी आहे काका, भरपूर झाली, म्हणाला. पुढे वाढवता येईल का, विचारलं.

‘सोल्डर आहे काका. पण वजनाला बघा ना किती हलका.’

हलका होता खरा. दोन वर्षांची वॉरंटी आणखी पैसे भरून मिळते, हेही त्याने सांगितलं.