उस्मानाबादच्या बायकांनी जगाला दिलेला पुरावा

जूनच्या तोंडावर बेंबळीच्या शिवारात कुणाही शेतकऱ्याला विचारा, यंदा सोयाबीन कुठलं पेरणार? उत्तरात 'सोयाबीन' हा शब्दच येत नाही. एमएयूएस ७१, एमएयूएस ६१२, फुले संगम अशी वाणाची नावं येतात. तुरीत बीडीएन ७११. परभणी आणि राहुरीच्या कृषी विद्यापीठांतून निघालेले हे वाण आधी प्रयोगाच्या रानात शेजारी शेजारी पेरले गेले, जुन्या वाणाशी ताडून पाहिले गेले, मग बाजारात आले. शेतकऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं. वाण नुसता चांगला म्हणून चालत नाही, कशापेक्षा चांगला ते तो विचारतो.

याच धर्तीचा एक प्रयोग धाराशिव जिल्ह्यात माणसांवर झाला, आणि त्याचा निकाल आज जगभरच्या आरोग्यधोरणाचा पाया आहे. २ एप्रिल २००९ रोजी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या साप्ताहिकात तो शोधनिबंध छापून आला. जिल्ह्याचं नाव तेव्हा उस्मानाबाद होतं आणि कर्करोगतज्ज्ञ आजही त्याच नावानं हा प्रयोग ओळखतात. त्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका होत्या. शेतमजूर, शेतकरीण, चार इयत्ता शिकलेल्या, न शिकलेल्या. अशा निबंधांत डॉक्टरांची नावं असतात, बायकांची नसतात, गावांचीही नसतात. म्हणून हा लेख.

सुरुवात बार्शीपासून करायला हवी. देशातली पहिली कर्करोग नोंदणी मुंबईत १९६३ साली सुरू झाली. पण खेड्यात कोणत्या कर्करोगानं किती माणसं जातात, हे कुणी मोजलेलंच नव्हतं. ते काम १९८७ साली बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलनं हाती घेतलं. भारतातली ही पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी. बार्शी तालुका सोलापूर जिल्ह्यातला, परांडा आणि भूम आपल्या जिल्ह्यातले. या तीन तालुक्यांत डॉ. भगवान नेने, कस्तुरी जयंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जी पद्धत बसवली ती शहरी नोंदणीहून अगदी वेगळी होती. शहरात इस्पितळाचे कागद पाहिले की भागतं. इथं आजारी माणूस इस्पितळापर्यंत पोचतच नव्हता. म्हणून कार्यकर्ते गावोगाव जात, बैठका घेत, कुणाला न बऱ्या होणाऱ्या गाठी आहेत, कुणाच्या अवेळी अंगावरून जातंय, विचारत आणि संशयित रोग्याला बार्शीला तपासायला पाठवत.

यातून दोन गोष्टी कळल्या. बायकांत सगळ्यांत जास्त कर्करोग गर्भाशयाच्या मुखाचा होता, म्हणजे गावाच्या भाषेत पिशवीच्या तोंडाचा. आणि नुसतं नीट समजावून सांगितलं तरी बायका लवकरच्या टप्प्यात दवाखान्यात येऊ लागल्या. कस्तुरी जयंत आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली हे आंतरराष्ट्रीय कर्करोग नियतकालिकात आकड्यांनिशी मांडलं. आरोग्यशिक्षणाला दुय्यम काम समजणाऱ्यांनी तो निबंध जरूर वाचावा.

पण लवकर म्हणजे तरी रोग झाल्यावरच. या कर्करोगाचं वेगळेपण हे की तो होण्याआधी पकडता येतो. ह्यूमन पॅपिलोमा नावाचा विषाणू, त्यातही १६ आणि १८ क्रमांकाचे प्रकार, मुखाच्या अस्तरात शिरतात. हाराल्ड झूर हाउझेन यांना याच शोधासाठी २००८ सालचं नोबेल मिळालं. बहुतेक बायकांच्या शरीरातून हा विषाणू आपोआप निघून जातो. काहींच्यात तो ठाण मांडून बसतो. त्याची दोन प्रथिनं पेशीच्या वाढीला आवर घालणारी यंत्रणा निकामी करतात आणि पेशी हळूहळू बिघडत जातात. हळूहळू म्हणजे दहा, पंधरा, कधी वीस वर्षं. एवढी सवड दुसरा क्वचितच एखादा कर्करोग देतो.

ती सवड वापरायची कशी, हाच प्रश्न होता. पाश्चात्त्य देशांत पॅप तपासणीनं हा रोग कमी झाला होता. तिथं पेशी काचपट्टीवर घेतात, रंगवतात, तज्ज्ञ सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो आणि दर काही वर्षांनी हे पुन्हा करतात. खेड्यात असा तज्ज्ञ कुठला आणि तीच बाई पुन्हा पुन्हा कशी येणार? त्याहून स्वस्त तपासणी व्हिनेगरची. परिचारिका मुखावर सौम्य ॲसिटिक ॲसिड लावते, एक मिनिट थांबते आणि तेजस्वी दिव्याच्या उजेडात नुसत्या डोळ्यांनी पाहते. बिघडलेल्या पेशींचा भाग दाट पांढरा, कडा स्पष्ट असलेला दिसतो. निकाल जागच्या जागी मिळतो. तिसरी तपासणी खुद्द विषाणूच्या डीएनएची. लहान ब्रशनं मुखावरच्या पेशी घ्यायच्या, नळीतल्या द्रावणात बुडवायच्या आणि प्रयोगशाळेत यंत्राला विचारायचं, विषाणू आहे की नाही. इथं पाहणाऱ्याच्या नजरेवर काही अवलंबून नसतं.

१९९९ साली बार्शीचं हॉस्पिटल, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्सच्या ल्यों शहरातली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून प्रयोग सुरू केला. ल्योंचे डॉ. रंगस्वामी शंकरनारायणन, बार्शीचे डॉ. नेने, टाटाचे डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि डॉ. केतायुन दिनशॉ ही त्यातली प्रमुख नावं. पैसा गेट्स फाउंडेशनचा. गावांचे ५२ गट पाडले आणि ते चार भागांत सोडतीनं वाटले. एका भागात विषाणूची तपासणी, दुसऱ्यात पॅप, तिसऱ्यात व्हिनेगर, चौथ्यात काही तपासणी नाही, फक्त माहिती आणि नेहमीची आरोग्यसेवा. तपासणी आयुष्यात एकदाच. बाईबाईला वेगळं न वाटता गावंच्या गावं वाटण्यात शहाणपण होतं. एकाच घरात थोरल्या जावेची तपासणी करायची आणि धाकटीची नाही, हे गावात चालत नाही.

सोडतीनं वाटून ताडून पाहण्याची ही पद्धत वैद्यकानं शेतीकडून घेतली आहे. इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेडच्या शेती केंद्रात आर. ए. फिशर यांनी १९२०च्या दशकात ती बसवली. कोणत्या तुकड्यात कोणता वाण हे माणसानं नाही, सोडतीनं ठरवायचं, म्हणजे चांगली जमीन आवडत्या वाणाला जात नाही. पुढे १९४८ साली ब्रॅडफर्ड हिल यांनी क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीत हेच केलं. भारतात ही विद्या रुजवणाऱ्यांपैकी दोघे मराठी होते. इंदूरला कापसाच्या अनुवंशशास्त्रावर आणि पैदाशीवर काम केलेले व्ही. जी. पानसे, आणि सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पां. वा. सुखात्मे. शेती संशोधकांसाठी त्यांनी लिहिलेलं संख्याशास्त्राचं इंग्रजी पुस्तक १९५४ साली निघालं. कृषी महाविद्यालयातल्या कितीतरी पिढ्यांनी त्यावर अभ्यास केला. कापसाच्या तुकड्यांपासून पिशवीच्या तोंडापर्यंत आलेली ही वाट मला फार मोलाची वाटते.

निकाल आठ वर्षांनी आला. विषाणूच्या तपासणीच्या गटात ३४,१२६ बायका होत्या. त्यातल्या ३९ जणींना पुढच्या टप्प्यातला, म्हणजे दुसऱ्या किंवा त्यापुढचा कर्करोग झाला आणि ३४ जणी गेल्या. तपासणी नसलेल्या गटात ३१,४८८ बायका, पुढच्या टप्प्यातले कर्करोग ८२, मृत्यू ६४. म्हणजे आयुष्यात एकदा केलेल्या तपासणीनं मृत्यूचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं. पॅपच्या गटात मृत्यू ५४, व्हिनेगरच्या गटात ५६. हे फरक ठामपणे सांगण्याइतके मोठे ठरले नाहीत. तमिळनाडूतल्या दिंडिगुलला मात्र व्हिनेगर तपासणीनं मृत्यू ३५ टक्क्यांनी घटले आणि मुंबईच्या वस्त्यांत ती दर दोन वर्षांनी केल्यावर ३१ टक्क्यांनी. त्यामुळे ती निरुपयोगी ठरत नाही. पण एकदाच संधी मिळणार असेल तर काय वापरावं, याचं उत्तर उस्मानाबादनं दिलं. ज्या २४,३८० बायकांत विषाणू नाही असं निघालं, त्यांच्यापैकी आठ वर्षांत फक्त ८ जणींना हा कर्करोग झाला. 'तुला नाही, जा निर्धास्त' असं बाईला खात्रीनं सांगता येणं ही खेड्यात फार मोठी गोष्ट आहे.

ज्यांच्यात दोष निघाला त्यांचं काय केलं, हे नीट सांगायला हवं, कारण शस्त्रक्रियेची खरी कहाणी तिथं आहे. दुर्बिणीसारख्या यंत्रातून मुख पाहायचं, संशयित जागेचा कणभर तुकडा काढायचा आणि बिघाड ठरला तर तेवढाच भाग नष्ट करायचा. थंडीच्या उपचारात धातूचं टोक मुखावर टेकवून तीन मिनिटं गोठवतात, पाच मिनिटं सोडतात, पुन्हा तीन मिनिटं गोठवतात. टाके नाहीत, भूल नाही, बाई त्याच दिवशी चालत घरी जाते. बिघाड मोठा असेल तर विजेच्या तारेच्या बारीक फासानं तो भाग कापून काढतात. पिशवी जागेवर राहते.

याच्या शेजारी मराठवाड्यातलं दुसरं वास्तव ठेवून पाहा. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली, तेव्हा १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. पांढरं जातं, कंबर दुखते, एवढ्या तक्रारीवर 'कॅन्सर होईल' अशी भीती घालून पिशवी काढल्याच्या कहाण्या त्या वेळी बाहेर आल्या. तोडीला जायचं, पाळीच्या दिवसांत खाडा परवडत नाही, मुकादमाची उचल अंगावर, म्हणून बाईही हो म्हणते. ज्या भीतीचं उत्तर एका नळीत मिळतं, त्या भीतीपायी अख्खा अवयव जातो. विषाणूची तपासणी हाताशी असती तर यातल्या कितीतरी बायकांना 'तुला काही नाही' एवढंच सांगून घरी पाठवता आलं असतं.

आता त्या चौथ्या गटाविषयी. तपासणी न झालेल्या गटातल्या ६४ मृत्यूंवरून प्रश्न उठले आणि ते योग्यच होते. मुंबई, दिंडिगुल आणि उस्मानाबाद मिळून तपासणी नसलेल्या गटांत २५४ बायका या कर्करोगानं गेल्या. एरिक सूबा या अमेरिकी डॉक्टरनं भारतीय वैद्यकनीतीच्या नियतकालिकातून हा विषय लावून धरला. संशोधकांचं म्हणणं, तेव्हा जिल्ह्यात बायकांना कुठलीच तपासणी मिळत नव्हती, ती स्थिती आम्ही आणली नाही, आणि खेड्यात काय चालतं हे ठाऊक नसताना देशभर पैसा ओतणं चूक ठरलं असतं. हे म्हणणं मी समजू शकतो. पण पॅपनं जीव वाचतात हे तेव्हा जगाला माहीत होतं, आणि गरिबाला काही मिळत नाही हीच त्याची 'नेहमीची सेवा' धरायची, हे मला पटत नाही. तुलनेच्या ओळीतल्या सोयाबीनला मुलंबाळं नसतात. तीन तपासण्या एकमेकींशी ताडून पाहिल्या असत्या तरी विषाणूची तपासणी वरचढ ठरली असती. निकाल थोडा उशिरा आला असता. त्या उशिराची किंमत आणि चौथ्या गटानं मोजलेली किंमत यांत मी पहिली निवडली असती.

बार्शीचा आणखी एक हात या कामाला लागला आहे. २००९ मध्ये देशात नऊ ठिकाणी, त्यात बार्शी आणि पुणेही, मुलींना या विषाणूची लस दोन डोस द्यावी की तीन, याची चाचणी सुरू झाली. एप्रिल २०१० मध्ये दुसऱ्याच एका लस प्रकल्पावरून वाद पेटला आणि सरकारनं सगळ्या चाचण्या थांबवल्या. हजारो मुलींचा एकच डोस झालेला राहिला. संशोधकांनी त्यांना वाऱ्यावर सोडलं नाही, दहा वर्षं त्यांचा पाठपुरावा केला. २०२१ साली 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी'त निकाल आला तो असा की १६ आणि १८ क्रमांकाच्या विषाणूंचा टिकून राहणारा संसर्ग रोखण्यात एक डोसही ९५ टक्क्यांच्या आसपास परिणामकारक आहे. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेनं एक डोस चालेल असं मान्य केलं. आज गरीब देश निम्म्या खर्चात मुलींना लस देऊ शकतात, त्याच्या पुराव्यात बार्शीकडच्या मुलींचाही वाटा आहे.

त्या संघटनेनं २०२१ साली तपासणीचे नियमही बदलले. ३० वर्षांपासून, दर पाच ते दहा वर्षांनी, पहिली पसंती विषाणूच्या डीएनए तपासणीला. त्यामागचा भक्कम पुरावा उस्मानाबादचा. आणि भारतात? २०१९ ते २१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी १.९ टक्के जणींनी सांगितलं की ही तपासणी एकदा तरी झाली आहे. शंभरातल्या दोनही नाहीत.

साधनं नाहीत असं आता म्हणता येत नाही. गोव्याच्या मोलबायो कंपनीचं ट्रूनॅट यंत्र क्षयरोगाच्या तपासणीसाठी ग्रामीण भागात आधीच पोचलं आहे, आणि त्यावरच चालणारी या विषाणूची चिपही निघाली आहे. ब्रश बाईनं स्वतःच वापरून नमुना दिला तरी चालतो, त्यासाठी कुणापुढे उघडं पडावं लागत नाही. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक लस देशात तयार होते. राहिला प्रश्न आधी कुठं, याचा. माझं उत्तर सरळ आहे. धाराशिव जिल्ह्यात आधी, आणि त्यातही ज्या गावांच्या वाट्याला सोडतीत चौथा गट आला तिथं सर्वांत आधी. ५२ गटांची यादी संशोधकांच्या दप्तरात असणारच. आशाताईंच्या रजिस्टरमध्ये तिशीपुढच्या बायकांची नावं घरागणिक आहेत. १९९९ साली तिशीत असलेली बाई आज पंचावन्नच्या पुढे गेली आहे, आणि तिची लेक त्या वेळच्या आईच्या वयाची झाली आहे. दोघींनाही एकेक ब्रश आणि एकेक नळी द्यायची आहे, आणि बेंबळीसारख्या गावात ते काम एका पावसाळ्याच्या आत होऊ शकतं.