गर्भाशयातील गाठी : स्वरूप, लक्षणे व ग्रामीण स्त्रीचे आरोग्यभान

प्रस्तावना :
भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातील आंबागड हे गाव तेथील किल्ल्यामुळे परिचित आहे. धानशेती हा या परिसरातील लोकजीवनाचा मुख्य आधार होय. रोवणीच्या दिवसांत येथील स्त्रिया तासन्‌तास चिखलात वाकून राबतात. कंबर दुखते ती रोवणीने, थकवा येतो तो कामाने आणि पाळीत अधिक जाते ते वयामुळे, अशी मनाची समजूत घालून त्रास अंगावर काढला जातो. या समजुतीआड गर्भाशयातील गाठ दडलेली असू शकते. ती कशी ओळखावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

गाठींचे स्वरूप :
गर्भाशयाच्या स्नायूंपासून तयार होणाऱ्या या तंतुमय गाठींना वैद्यकीय परिभाषेत 'फायब्रॉइड' असे म्हणतात. त्या कर्करोगाच्या गाठी नव्हेत. इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांमुळे त्यांची वाढ होते. म्हणून त्या विशेषतः तिशी-चाळिशीत आढळतात आणि रजोनिवृत्तीनंतर बहुधा आकसतात. त्रासाचे प्रमाण केवळ आकारावर ठरत नाही, स्थानावरही ठरते. आतील अस्तरालगतची लहान गाठही पुष्कळ रक्तस्राव घडविते. तर बाहेरच्या बाजूस वाढलेली मोठी गाठ मूत्राशयावर वा आतड्यावर दाब आणते.

लक्षणे :
अनेक स्त्रियांना गाठ असूनही कोणताच त्रास जाणवत नाही. मात्र पुढील लक्षणे दिसल्यास तपासणी करावी :
१) पाळी सात दिवसांहून अधिक चालणे, दर एक-दोन तासांनी कापड किंवा पॅड बदलावे लागणे, मोठ्या गुठळ्या पडणे.
२) ओटीपोटात जडपणा वा वेदना, कंबरदुखी.
३) वारंवार लघवीला जावे लागणे, बद्धकोष्ठता.
४) गर्भधारणेत अडचण किंवा वारंवार गर्भपात.
५) धाप लागणे, चक्कर येणे, सततचा अशक्तपणा.

सततच्या रक्तस्रावाने पंडुरोग होतो. गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास पंडुरोग समजला जातो. पूर्व विदर्भात सिकलसेलचेही रुग्ण आढळत असल्याने अशक्तपणाचे नेमके कारण तपासूनच ठरवावे. रजोनिवृत्तीनंतर पुन्हा रक्तस्राव झाल्यास विलंब न करता डॉक्टरांकडे जावे. कारण तेथे कर्करोगाची शंका दूर करणे आवश्यक असते.

मौन आणि घाई :
डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास केवळ गाठींविषयीचा नव्हता. परंतु ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग असल्याचे आणि पूर्वी अवघ्या ८ टक्के स्त्रियांची तपासणी झाल्याचे त्यातून दिसून आले. मौनाची किंमत यावरून कळते.

याच्या उलट टोक बीड जिल्ह्यात दिसले. ऊसतोड कामगार स्त्रियांच्या प्रश्नावर शासनाने २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सर्वेक्षणातील ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. पाळीमुळे कामावर खाडा पडू नये, हेही त्यामागील एक कारण होते.

निदान व उपचार :
लक्षणांवरून केवळ शंका घेता येते. निदानासाठी सोनोग्राफी व रक्ततपासणी करावी लागते. त्रास नसल्यास गाठीवर लक्ष ठेवणे पुरेसे ठरते. रक्तस्राव कमी करणारी औषधे, लोहाच्या गोळ्या, संप्रेरकयुक्त तांबी, केवळ गाठ काढण्याची शस्त्रक्रिया असे पर्याय स्त्रीचे वय व अपत्येच्छा पाहून निवडता येतात. पिशवी काढणे काहींना आवश्यक ठरते. परंतु तो सर्वांसाठी पहिला उपाय नव्हे. सोबत बीजकोशही काढल्यास अकाली रजोनिवृत्ती येऊन हाडे ठिसूळ होण्याचा धोका वाढतो.

समारोप :
त्रास अंगावर काढणे आणि घाईने पिशवी काढणे, या दोहोंच्या मुळाशी माहितीचा अभाव आहे. पाळीच्या तारखा व दिवस दिनदर्शिकेवर नोंदविणे, त्या नोंदीसह तुमसरच्या उपजिल्हा रुग्णालयात जाणे आणि शस्त्रक्रिया सुचविल्यास 'दुसरा उपाय आहे काय?' असे विचारणे, एवढे प्रत्येक स्त्रीला करता येण्यासारखे आहे. मात्र रोवणीच्या हंगामात तिला त्यासाठी एक दिवसाची उसंत देणे, ही कुटुंबाची जबाबदारी आहे.