बडोद्याची ग्रंथपेटी

ग्रंथपाल म्हणजे कपाटांच्या किल्ल्या सांभाळणारा गृहस्थ, अशी समजूत आपल्याकडे फार दिवस रूढ होती. अद्यापही ती पुरती मावळलेली नाही. पुस्तक हरवू नये, फाटू नये, त्यावर धूळ बसू नये, एवढे साधले म्हणजे त्याचे कर्तव्य संपले! परंतु नव्याने रुजू झालेला एखादा उत्साही ग्रंथपाल काय करू शकतो हे ज्यास पाहावयाचे असेल, त्याने १९१० सालच्या बडोद्याकडे दृष्टी वळवावी.

नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावी १८६३ साली जन्मलेले सयाजीराव गायकवाड तेव्हा बडोद्याच्या गादीवर होते. १९०६ साली त्यांनी सबंध राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. पण शाळा सोडलेल्या मुलाच्या हाती पुढे पुस्तकच पडले नाही, तर शिकलेली अक्षरे किती दिवस टिकणार? अमेरिकेच्या प्रवासात तेथील सार्वजनिक ग्रंथालये महाराजांनी पाहिली होती. म्हणून त्यांनी तेथूनच विल्यम अ‍ॅलन्सन बोर्डन या ग्रंथपालास पाचारण केले आणि आपल्या राजवाड्यातील सुमारे वीस हजार ग्रंथ मध्यवर्ती ग्रंथालयास देऊन टाकले.

बोर्डन तेथे तीनच वर्षे होते. अमेरिकी ग्रंथालयशास्त्राची जी साधने त्यांच्याबरोबर आली, त्यांतील कार्डांची सूची दिसावयास अगदी क्षुल्लक. पण तिचे मर्म ध्यानात घेण्याजोगे आहे. ग्रंथांची यादी बांधीव वहीत केली, की दोन नावांच्या मध्ये तिसरे नाव घालण्यास जागा उरत नाही. नवे पुस्तक आले की ते शेवटच्या पानावर जाते, आणि पाचदहा वर्षांत वहीचा क्रम पार मोडून पडतो. कार्डाचे तसे नाही. एका पुस्तकाचे एक कार्ड लेखकाच्या नावाने, दुसरे पुस्तकाच्या नावाने, तिसरे विषयाच्या नावाने लिहावे आणि ज्याच्या त्याच्या जागी सरकवून द्यावे. वाचकास तिघांतील एकच गोष्ट आठवत असली तरी पुस्तक सापडते. खण भरला तर दुसरा खण जोडावा, यादी कधी जुनी होत नाही.

परंतु आमच्यासारख्या खेडेगावच्या मुलांना याहूनही मोलाची वाटेल ती फिरती पेटी. भक्कम लाकडी पेटीत पंधरा ते तीस पुस्तके भरून ती बडोद्याहून खेड्यांत पाठविली जाई. वाचकाकडून एक पैसा घ्यावयाचा नाही. वाहतुकीचा खर्चही खात्यानेच सोसावयाचा. गावास कायमचे वाचनालय हवे असेल, तर गावकऱ्यांनी जेवढी रक्कम उभी करावी तेवढीच पंचायतीने व तेवढीच सरकारने घालावी, असा नियम होता. गावाने आपला वाटा उचलल्याखेरीज पुढचे पाऊल पडत नसे, ही अट आम्हांस मोठी शहाणपणाची वाटते. फुकट मिळालेल्या वाचनालयाचे कुलूप गंजते! ज्यांना अक्षरओळखच नव्हती त्यांच्यासाठी जादूचा कंदील व चलच्चित्रे गावोगाव नेण्याची व्यवस्था झाली. ग्रंथालयाने चित्रे दाखवावीत, हे त्या काळी काही विद्वानांना खचित रुचले नसेल.

पण पेटी उघडणारा, नोंद ठेवणारा, वाचकास चार शब्द सांगणारा माणूस हवा. बोर्डन यांनी १९११ साली ग्रंथपालांसाठी शिक्षणवर्ग काढला. बडोद्याच्या लायब्ररी क्लबाने १९१२ पासून ‘लायब्ररी मिसेलनी’ हे नियतकालिक चालविले. ते इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत निघे. दूरच्या गावी एकट्याने काम करणाऱ्यास आपली अडचण दुसऱ्या कोणास पडली होती आणि त्याने ती कशी सोडविली हे कळणे, हा केवढा आधार! एकटेपणाने माणूस खचतो. मद्रास विद्यापीठात १९२४ साली ग्रंथपाल झालेले शियाली रामामृत रंगनाथन मूळचे गणिताचे अध्यापक. ग्रंथालयातील एकांतास ते इतके कंटाळले, की त्यांनी पुन्हा अध्यापनाकडे जाण्याची परवानगी मागितली. पुढे ते शिक्षणासाठी लंडनला गेले, तेथील शंभरांवर ग्रंथालये त्यांनी पाहिली, आणि मग मात्र त्यांचे मन या कामात असे जडले की ते कायमचे. एका दुकानात मेकॅनो या खेळण्याचे सुटे भाग जोडून नाना वस्तू बनविताना त्यांनी पाहिले आणि त्यावरून त्यांना सुट्या घटकांची वर्गीकरणपद्धती सुचली. ती १९३३ साली प्रसिद्ध झाली. त्याआधी १९३१ साली मन्नारगुडी येथे बैलगाडीवरचे ग्रंथालय खेड्यांतून फिरू लागले होते. बडोद्याच्या पेटीचेच हे भावंड म्हणावयाचे!

आमचे येळ्ळूर राजहंसगडाच्या पायथ्याचे गाव. बेळगावात १८४८ पासून सार्वजनिक वाचनालय आहे, आणि आमच्या गावच्या मराठी साहित्य संमेलनात ग्रंथदिंडी थाटाने निघते. दिंडीतील पालखी वर्षातून एकदा निघते. पेटीचे काम मात्र उरलेल्या दिवसांचे. आज त्या कामास संगणकाची जोड मिळाली आहे. न्यूझीलंडमधील एका ग्रंथालयासाठी तयार झालेली ‘कोहा’ ही संगणकप्रणाली २००० सालापासून चालू आहे. माओरी भाषेत या शब्दाचा अर्थ भेट असा होतो. ती विनामूल्य मिळते, आणि जगभरचे ग्रंथपाल व तंत्रज्ञ मिळून तिच्यात सुधारणा करीत असतात. जुन्या लायब्ररी क्लबाचे क्षेत्र जणू सर्व पृथ्वीभर पसरले आहे.

सीमाभागातील मराठी पुस्तकांपुढे मात्र एक खास अडचण उभी राहते. पुस्तकाचे नाव रोमन लिपीत नोंदविले, तर ‘ळ’ आणि ‘ल’ यांतील भेद मावळतो. ‘येळ्ळूर’ हा एकच शब्द तीन माणसे तीन तऱ्हांनी लिहितील, आणि चौथ्याने चौथ्या तऱ्हेने शोधला, तर समोरच्या कपाटातील पुस्तक संगणकास नाही म्हणून सांगावे लागेल! नोंद देवनागरीतच झाली पाहिजे. त्यासाठी पुस्तक हाती घेऊन, वेष्टनावरचे नव्हे तर आतल्या पानावरचे नाव अक्षरन् अक्षर वाचून टंकणारा माणूस लागतो. शंभर पुस्तके असतील तर शंभर वेळा.