शिरेतून अन्न : केव्हा द्यावे?

रक्ताचा कर्करोग किंवा थॅलेसेमिया असलेल्या काही मुलांवर मूलपेशींचे प्रत्यारोपण करतात. त्याआधी दिलेल्या तीव्र औषधांनी तोंडापासून आतड्यापर्यंतचे अस्तर सोलवटते. तोंड येते, उलट्या-जुलाब होतात, घास गिळवत नाही. नव्या पेशी रुजायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. तोवर पोषण कसे व्हावे?

साध्या सलाईनवर मूल वाढत नाही. म्हणून ग्लुकोज, अमिनो आम्ले, स्निग्ध पदार्थ, क्षार व जीवनसत्त्वे यांचे मिश्रण नळीने मोठ्या शिरेत सोडतात.

मग पहिल्याच दिवसापासून ते का देऊ नये? कारण अन्न न मिळालेले आतडे दुबळे होते. शिवाय नळीवाटे जंतू रक्तात शिरू शकतात, रक्तातील साखर वाढते, यकृतावर ताण येतो. बेल्जियम, नेदरलँड्स व कॅनडातील अतिदक्षता विभागांतल्या १४४० मुलांचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. शिरेतले अन्न लवकर दिलेल्या मुलांपैकी १८.५ टक्क्यांना नवा जंतुसंसर्ग झाला. आठवडाभर थांबलेल्यांत हे प्रमाण १०.७ टक्के होते. हा अभ्यास प्रत्यारोपणाच्या मुलांचा नव्हता, त्यामुळे तो जसाच्या तसा लागू होत नाही. पण उगाच घाई नको, एवढे त्यातून कळते.

म्हणून क्रम असा : आधी तोंडाने, मग नाकातून पोटात घातलेल्या नळीने, आणि आतडे साथ देईनासे झाले तर शिरेतून. मूल आधीच फार अशक्त असेल तर डॉक्टर जास्त थांबत नाहीत. ते पुन्हा जेवू लागले की शिरेतले अन्न हळूहळू कमी करतात.

पालकांनो, अशा मुलाला चमचाभर पेज पचली तरी ती मोठी प्रगती असते. मात्र घरचा डबा डॉक्टरांना विचारूनच द्यावा.